दहा महिन्यांनी मैदानात, पावणेतीन वर्षांनी निवृत्त: स्ट्रासबर्गच्या ऑपरेशनचं पुढे काय झालं

९ जून २०२२ ला मायामीत वॉशिंग्टन नॅशनल्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, स्टीफन स्ट्रासबर्ग पुन्हा पिचरच्या उंचवट्यावर उभा राहिला. मानेतले दोन स्नायू आणि एक बरगडी काढून टाकल्याला तेव्हा साडेदहा महिने झाले होते. पाचव्या इनिंगमधले दोन गडी बाद होईपर्यंत तो टिकला (बेसबॉलमध्ये इनिंग म्हणजे तीन गडी बाद होईपर्यंतचा छोटा डाव). सात धावा गेल्या, पाच फलंदाजांना त्याने स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद केलं. चेंडूचा वेग ताशी ९० मैलांच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण १४५ किलोमीटर. २०१० च्या जूनमध्ये पहिला सामना खेळताना याच हाताने १६० किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकले होते आणि चौदा जणांना स्ट्राइकआउट केलं होतं.

मायामीचा तो सामना त्याचा शेवटचा ठरला. पुढच्याच आठवड्यात बरगड्यांवर ताण आल्याचं निदान होऊन तो पुन्हा जायबंदींच्या यादीत गेला आणि एप्रिल २०२४ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. स्ट्रासबर्गचं ऑपरेशन झालं ते थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमसाठी, म्हणजे मान आणि पहिल्या बरगडीमधल्या चिंचोळ्या जागेत हाताकडे जाणाऱ्या नसा दबतात त्या दुखण्यासाठी. आम्ही रोजच्या बोलण्यात ज्याला ‘टीओएस’ म्हणतो त्या दुखण्याचे रुग्ण माझ्याकडे ढिगाने येत नाहीत, पण जे येतात ते लक्षात राहतात, कारण बहुतेकांनी त्याआधी दोन-तीन वर्षं घालवलेली असतात. कुणाला मणक्याची झीज सांगितलेली असते, कुणाला खांदा आखडलाय म्हणून व्यायाम दिलेले असतात, कुणाचं मनगटाचं ऑपरेशनही होऊन गेलेलं असतं. ऑपरेशनचा विषय निघाला की सगळे एकच विचारतात, ‘मॅडम, ऑपरेशन केलं तर कायमचं बरं होईल ना?’ या ‘कायमचं’चं उत्तर देणं अवघड जातं. ऑपरेशननंतर तीन-चार महिने रुग्ण नियमित येतो, मग येणं कमी होतं आणि वर्षभरानंतर त्याचा हात कसा आहे ते आपल्याला कळत नाही. खेळाडूचं तसं नसतं. त्याच्या हाताचा हिशेब वर्षानुवर्षं, चेंडूगणिक लिहिला जातो. म्हणून हे प्रकरण निवडलं. यातलं सगळं जाहीर बातम्यांमधून आणि सामन्यांच्या नोंदींमधून आलेलं आहे. त्याचे खासगी रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्याच्या शरीरात नक्की काय झालं याबद्दल जिथे माझा अंदाज आहे तिथे तसं लिहिलं आहे.

‘नस दबली आहे’ म्हणजे कोणती?

मराठीत आपण ‘नस’ हा एकच शब्द तिन्हींसाठी वापरतो. संवेदना आणि हालचाल पोचवणारा मज्जातंतूही नस, हृदयाकडून रक्त नेणारी रोहिणीही नस आणि रक्त परत आणणारी नीलाही नस. रुग्ण म्हणतो, ‘मानेत नस दबलीय’, आणि आपण मान हलवतो. टीओएसमध्ये मात्र तीनपैकी कोणती नस दबली यावर पुढची पाच-दहा वर्षं कशी जाणार हे बरंचसं ठरतं.

जागा अगदी लहान आहे. मानेच्या कडेला, कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात बोट ठेवून हलकेच दाबलं तर दोरीसारखे ताठ स्नायू लागतात. ते स्केलीन. पुढचा आणि मधला असे दोन स्केलीन स्नायू मानेच्या मणक्यांपासून निघतात आणि खाली पहिल्या बरगडीवर घट्ट बसतात. दोघांच्या मध्ये चिंचोळा त्रिकोण तयार होतो. हाताकडे जाणारा मज्जातंतूंचा सगळा जुडगा आणि हाताची मुख्य रोहिणी याच त्रिकोणातून बाहेर पडतात. नीला पुढच्या स्नायूच्याही पुढून, कॉलरबोन आणि पहिल्या बरगडीच्या फटीतून जाते. पुढे छातीवरच्या छोट्या पेक्टोरल स्नायूच्या खाली आणखी एक अडचणीची जागा आहे. हात डोक्यावर नेला की या सगळ्या जागा आवळतात. शंभरातल्या एखाद्या माणसाला जन्मतःच मानेपाशी एक जादा बरगडी, सर्व्हायकल रिब, असते. तिथे जागा आणखी कमी होते, पण ती बरगडी असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही.

टीओएसच्या रुग्णांमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांचे मज्जातंतू दबलेले असतात. त्यांच्या हाताला मुंग्या येतात, हात जड होतो, केस विंचरताना किंवा दोरीवर कपडे वाळत घालताना गळून जातो, बसमध्ये वरची दांडी धरून उभं राहवत नाही. नीला दबण्याचं प्रमाण तीन ते पाच टक्के. तिथे हात एकाएकी सुजतो, निळसर पडतो, आत गुठळी झालेली असते. रोहिणीचा प्रकार शंभरात एखादा, आणि तोच सर्वांत धोक्याचा.

शेवटच्या दोन प्रकारांत निदानाला भक्कम पुरावा मिळतो. सोनोग्राफीत गुठळी दिसते, अँजिओग्राफीत अरुंद झालेली रोहिणी दिसते. मज्जातंतूच्या प्रकारात बहुतेकदा तसं काहीच दिसत नाही. एमआरआय स्वच्छ, नसांचा करंट टेस्टही बऱ्याचदा नॉर्मल. मग आम्ही रुग्णाला दोन्ही हात खांद्याच्या रेषेत वर करायला सांगतो, कोपर काटकोनात, आणि तीन मिनिटं मुठी उघडायला-मिटायला लावतो. खरा टीओएसचा रुग्ण असेल तर मिनिटभरातच चेहरा बदलतो. बोटं मंद होतात, तळवा पांढुरका पडतो, हात आपोआप खाली यायला लागतो. पण निरोगी माणसालाही ही तीन मिनिटं जड जातात, म्हणून एवढ्या एका चाचणीवर कुणाला ऑपरेशनला पाठवता येत नाही. निदानच वादाचं असल्यामुळे मज्जातंतूच्या टीओएसबद्दल न्यूरॉलॉजिस्ट आणि शल्यचिकित्सक गेली कित्येक दशकं भांडत आले आहेत.

हात कसा घडला आणि कधी बिघडला

स्ट्रासबर्गचा जन्म १९८८ चा, सॅन डिएगोचा. २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेरीत, पहिल्या क्रमांकाने निवडला गेला. पदार्पणानंतर तीन महिन्यांच्या आत कोपरातला अस्थिबंध तुटला आणि सप्टेंबर २०१० मध्ये त्याचं ‘टॉमी जॉन’ ऑपरेशन झालं. २०१२ मध्ये संघ जोरात असताना व्यवस्थापनाने त्याचा हात जपण्यासाठी १५९ इनिंग्जनंतर त्याला बसवलं. त्या निर्णयावर अमेरिकेत वर्षभर वाद चालला. म्हणजे कारकिर्दीच्या सुरुवातीपासून या हातावर सगळ्यांचा डोळा होता.

२०१९ चं साल त्याचं. २०९ इनिंग्ज, २५१ स्ट्राइकआउट, १८ विजय. प्लेऑफमध्ये पाच विजय, एकही पराभव नाही. नॅशनल्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली आणि त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तो ठरला. डिसेंबरमध्ये सात वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार झाला. वय ३१.

क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. पिचर धावत येत नाही, एका जागेवरून फेकतो. वेगाचा सगळा भार धड आणि खांद्यावर येतो, हात मागे खेचला जातो तेव्हा खांदा इतका बाहेर वळतो की पंजा जवळजवळ पाठीमागे जातो. एका हंगामात असे तीन हजारांच्या वर चेंडू. स्केलीन आणि पेक्टोरल स्नायू जाडजूड होतात आणि तेवढीच मज्जातंतूंची वाट चिंचोळी होते.

२०२० चा हंगाम कोविडमुळे छोटा होता. स्ट्रासबर्गने दोन सामन्यांत मिळून पाच इनिंग्ज टाकल्या आणि हाताला येणाऱ्या बधिरपणामुळे थांबला. ऑगस्टमध्ये त्याच्या मनगटाचं, कार्पल टनेलचं ऑपरेशन झालं. २०२१ मध्ये पाच सामने, एकवीस-बावीस इनिंग्ज, आधी खांदा दुखावला, मग मान. १ जूननंतर तो खेळला नाही आणि जुलैअखेर टीओएसचं ऑपरेशन झालं.

मनगटाचं ऑपरेशन चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण मनगट आधी आणि मान नंतर हा क्रम टीओएसच्या रुग्णांमध्ये इतका वारंवार दिसतो की तो नजरेआड करता येत नाही. १९७३ मध्ये अप्टन आणि मॅककोमास या दोघांनी एक कल्पना मांडली होती: एकच मज्जातंतू दोन ठिकाणी थोडा थोडा दबला तर दोन्हींचा मिळून त्रास होतो, एकेका ठिकाणचा दाब एकट्याने त्रास देण्याइतका नसला तरी. ती कल्पना पूर्ण सिद्ध झाली असं नाही, पण क्लिनिकमध्ये तिची आठवण रोज होते. कुणाच्या बोटांना मुंग्या येत असतील तर मी मनगट तपासून थांबत नाही, वर मानेपर्यंत हात नेऊन पाहते.

ऑपरेशनमध्ये काय करतात

सर्वत्र थोडाफार फरक असला तरी मूळ काम तेच: त्रिकोण मोकळा करायचा. कॉलरबोनच्या वरून किंवा काखेतून जाऊन पहिली बरगडी काढतात, पुढचा आणि मधला स्केलीन काढतात, मज्जातंतूंभोवतीचं चिकटलेलं मोकळं करतात. हे वाचायला सोपं वाटतं. पुढच्या स्केलीनवरून श्वासपटलाचा मज्जातंतू जातो, मधल्या स्केलीनमधून खांद्याच्या फऱ्याला धरून ठेवणाऱ्या स्नायूचा मज्जातंतू जातो, बरगडीच्या खाली लगेच फुप्फुसाचं आवरण. काही मिलिमीटर इकडेतिकडे झालं की धाप लागते किंवा फरा पंखासारखा बाहेर येतो.

या ऑपरेशनचा इतिहास आशा आणि निराशेचा आहे. लंडनमध्ये कूट यांनी १८६१ मध्ये जादा बरगडी काढली. मेलबर्नला मर्फी यांनी १९१० मध्ये पहिली बरगडी काढली. १९२७ मध्ये ॲडसन यांनी सांगितलं की बरगडीला हात लावायची गरज नाही, पुढचा स्केलीन कापला की पुरे. ते ऑपरेशन खूप गाजलं आणि मग त्रास परत येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढत गेली तसं मागे पडलं. १९५६ मध्ये मेयो क्लिनिकच्या पीट यांच्या लेखापासून ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ हे नाव रूढ झालं. १९६६ मध्ये डेन्व्हरच्या रूस यांनी काखेतून बरगडी काढायची पद्धत दिली आणि पुन्हा उत्साहाची लाट आली. प्रत्येक लाटेत पहिले अहवाल उत्तम असतात. दोन-पाच वर्षांनी तेच रुग्ण परत पाहिले की आकडे उतरलेले दिसतात.

डेन्व्हरचेच रिचर्ड सँडर्स यांनी आपल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ऑपरेशननंतर लगेच दहापैकी साधारण नऊ जणांना बरं वाटलेलं. पाच-दहा वर्षांनी तो आकडा दहापैकी सातच्या आसपास आला. बरगडी काढा, स्नायू काढा किंवा दोन्ही काढा, घसरणीचा आकार सारखाच. परत येणारा त्रास बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत परत येतो. म्हणजे सहा महिन्यांनी रुग्णाला ‘आता तुम्ही बरे झालात’ म्हणून निरोप देणं हे खरं तर घसरणीच्या सुरुवातीलाच पाठ फिरवणं आहे.

मिशिगन विद्यापीठाच्या एका पाठपुराव्यात ऑपरेशननंतर सरासरी चार वर्षांनी एक तृतीयांशाहून थोडे जास्त लोक अजून औषधं घेत होते आणि १८ टक्के काम करू शकत नव्हते. ज्यांना आधीपासून नैराश्य होतं त्यांचे निकाल वाईट होते. त्यावरून ‘त्रास मनाचा आहे’ असा निष्कर्ष काढायची घाई कुणी करू नये. तीन वर्षं हात दुखतोय आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल म्हणून घरात कुणी विश्वास ठेवत नाही, अशा माणसाला नैराश्य येणं स्वाभाविक आहे, आणि ते असताना व्यायाम नेटाने होत नाहीत हेही तितकंच खरं.

सर्वांत कठोर अहवाल वॉशिंग्टन राज्याचा, म्हणजे स्ट्रासबर्गच्या संघाच्या शहराचा नव्हे, पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्याचा. २००० साली तो छापून आला. कामावर दुखापत झाल्यामुळे नुकसानभरपाई मिळत असलेल्या १५८ कामगारांचं टीओएसचं ऑपरेशन झालं होतं. वर्षभरानंतर त्यांतले ६० टक्के कामावर जाऊ शकले नव्हते. ऑपरेशन न झालेल्या टीओएसच्या कामगारांशी तुलना केली तर ऑपरेशन झालेल्यांचा खर्च जास्त आणि काम बंद राहण्याचं प्रमाण तीन ते चार पट. अर्थात ज्यांची अवस्था आधीच जास्त वाईट होती त्यांचंच ऑपरेशन झालं असणार, त्यामुळे सगळा दोष ऑपरेशनवर टाकता येत नाही. तरी हा आकडा वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

याच्या विरुद्ध बाजूलाही वजन आहे. नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला अलीकडे एक चांगली चाचणी झाली. व्यायाम आणि इतर उपचार करूनही बरे न झालेले ५० रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाची लगेच बरगडी काढली, दुसऱ्या गटाचे उपचार तसेच चालू ठेवले. तीन महिन्यांनी हाताच्या अक्षमतेचा गुणांक, जिथे शून्य म्हणजे काहीच अडचण नाही आणि शंभर म्हणजे पूर्ण अक्षम, ऑपरेशनवाल्यांत सरासरी ४५ आणि बाकीच्यांत ६५ आला. वीस गुणांचा फरक रुग्णाला नक्की जाणवतो. नीट पारखून निवडलेल्या रुग्णाला ऑपरेशनने आराम पडतो याबद्दल माझ्या मनात शंका राहिली नाही. पण ४५ हा आकडाही नीट वाचायला हवा. तो आराम पडलेल्या माणसाचा आकडा आहे, पूर्ण बऱ्या झालेल्याचा नाही. आणि तो तीन महिन्यांचा आहे.

तक्त्यात तो कुठे बसतो

आता पिचरांकडे. २००१ ते २०१४ या काळात मज्जातंतूच्या टीओएसचं ऑपरेशन झालेल्या, मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतल्या १३ पिचरांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. करणाऱ्यांत हीच ऑपरेशनं करणारे शल्यचिकित्सक होते. तेरापैकी दहा जण पुन्हा मेजर लीगमध्ये खेळले, सरासरी १०.८ महिन्यांनी. परत आलेल्यांचे वेग आणि इतर आकडे आधीच्यापेक्षा फारसे वेगळे नव्हते. अभ्यास प्रामाणिक आहे आणि त्यामुळे अनेक खेळाडूंना धीर आला असेल.

स्ट्रासबर्ग त्या अभ्यासात नव्हता. पण समजा असता. ऑपरेशन जुलैअखेर २०२१, मेजर लीगमधला सामना ९ जून २०२२. साडेदहा महिने. सरासरीच्या अगदी जवळ. ‘परतला की नाही’ या रकान्यात त्याच्यापुढे ‘हो’ असं लिहिलं गेलं असतं. त्या ‘हो’च्या पलीकडे काय आहे ते पाहायला पुढची दोन वर्षं लागतात.

मी इतर पिचरांची नावंही पाहिली. केनी रॉजर्सचं ऑपरेशन २००१ मध्ये झालं, तो २००८ पर्यंत खेळला. २००६ च्या प्लेऑफमध्ये, चाळिशी ओलांडलेली असताना, त्याच्या २३ इनिंग्जमध्ये एकही धाव निघाली नाही. मेरिल केलीच्या खांद्यात २०२० मध्ये गुठळी सापडली, त्याच वर्षी ऑपरेशन झालं आणि २०२३ च्या वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना त्याने सात इनिंग्ज टाकून जिंकून दिला. नीलेच्या टीओएसमध्ये गुठळी वेळेत विरघळवून नंतर बरगडी काढली तर असे निकाल अपवाद नाहीत. तिथे दुखणं स्पष्ट असतं आणि उपायही. उलट बाजूला ख्रिस कार्पेंटर. जुलै २०१२ मध्ये ऑपरेशन, सप्टेंबरमध्ये मैदानात, प्लेऑफही खेळला, पण २०१३ मध्ये एकही सामना खेळू शकला नाही आणि त्याची कारकीर्द संपली. मॅट हार्वीची दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची सरासरी (कमी तितकी चांगली) २०१५ मध्ये २.७१ होती, २०१६ च्या ऑपरेशननंतरच्या हंगामात ६.७०. हे दोघंही ‘परतले’च होते.

आणि जे. आर. रिचर्ड. ह्यूस्टनचा सहा फूट आठ इंचांचा पिचर. १९८० च्या उन्हाळ्यात तो सांगत होता की हात मेल्यासारखा वाटतो. आळशी आहे, नाटक करतो, असं त्याच्याबद्दल लिहिलं गेलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तपासणीत रोहिणीत अडथळा दिसला, तरी ऑपरेशनची गरज नाही असं ठरलं. ३० जुलैला सराव करताना मैदानातच तो कोसळला. पक्षाघात. गुठळी काढली, पुढे रोहिणीवर ऑपरेशनही झालं, जीव वाचला. तो मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच खेळला नाही. नव्वदच्या दशकात काही काळ तो ह्यूस्टनमध्ये एका पुलाखाली राहत होता. २०२१ मध्ये, स्ट्रासबर्गच्या ऑपरेशननंतर आठवड्याभरात, तो वारला. रोहिणीच्या टीओएसमध्ये ऑपरेशनचा निकाल ऑपरेशनच्या टेबलावर ठरत नाही, त्याआधीच्या महिनाभरात कुणी हाताला नाडी तपासायला बोटं लावली का यावर ठरतो. रिचर्डची गोष्ट वाचताना मला आजही राग येतो.

सामन्यानंतरची दोन वर्षं

मायामीच्या सामन्यानंतर सराव करताना स्ट्रासबर्गला पुन्हा दुखलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीवर ताणाची प्रतिक्रिया दिसली, म्हणजे फ्रॅक्चरच्या अलीकडची पायरी. पहिल्या बरगडीशी बांधलेले स्नायू एकदा सुटले की खांद्याचा भार नव्या जागी वाटला जातो, आणि ताशी १४५ किलोमीटरने फेकणाऱ्या हाताचा भार थोडाथोडका नसतो. हा माझा अंदाज आहे, पण ऑपरेशननंतर खांद्याच्या फऱ्याचे स्नायू तयार करायला मी इतका वेळ का घेते ते यात आहे. रुग्ण कंटाळतात. ‘अजून वजन का उचलू देत नाही’ म्हणतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये स्ट्रासबर्गने पत्रकारांना सांगितलं ते फेकण्याबद्दल नव्हतंच. फार वेळ उभं राहिलं तर हात बधिर होतो, मग आडवं व्हावं लागतं किंवा हात कशावर तरी टेकवून खांदा वर ढकलावा लागतो. फिजिओथेरपिस्टला हे वाक्य ऐकून सगळं चित्र दिसतं. खांदा खाली ओघळतोय, मज्जातंतूंचा जुडगा ताणला जातोय, माणूस त्याला हाताने उचलून धरतोय. २०२३ मध्ये मज्जातंतूंना गंभीर इजा असल्याच्या आणि साधा व्यायामही बंद केल्याच्या बातम्या आल्या. उजव्या हाताने दार उघडणं आणि आपल्या लहान मुलींना उचलून घेणं त्याला जड जातं असंही छापून आलं.

मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मानेपासून तळव्यापर्यंतचं अंतर त्या चालीने कापायचं तर दोन वर्षांच्या वर जातात, आणि तोवर तळव्यातले छोटे स्नायू वाट पाहत थांबतीलच असं नाही. शिवाय ऑपरेशनची जखम भरताना तयार होणारे व्रण मोकळ्या केलेल्या मज्जातंतूंना पुन्हा चिकटू शकतात. बरगडीचा मागचा तुकडा लांब राहिला असेल, छातीवरच्या छोट्या पेक्टोरलखालचा दाब तसाच असेल, किंवा मुळात त्रास दुसरीकडून येत असेल, तरी दुखणं परत येतं. स्ट्रासबर्गच्या बाबतीत यांतलं नक्की काय झालं ते बाहेरून सांगता येणार नाही.

नव्या करारानंतर त्याने एकूण आठ सामन्यांत ३१ आणि एक तृतीयांश इनिंग्ज टाकल्या. बातम्यांत या आकड्याला भागून एका इनिंगची किंमत काढली गेली. मला तो हिशेब क्रूर वाटतो. ज्याला दार उघडायला त्रास होतोय त्याच्याबद्दल तो हिशेब होता.

दाराची गोष्ट माझ्या मनात राहिली याला आणखी एक कारण आहे. आइंडहोव्हनच्या चाचणीत जो शंभर गुणांचा गुणांक होता, त्या प्रश्नावलीत तीस प्रश्न आहेत: घट्ट झाकणाची बरणी उघडता का, किल्ली फिरवता का, डोक्याच्या वरच्या फळीवर वस्तू ठेवता का. आणि त्यात एक प्रश्न आहे, जड दार ढकलून उघडता का. १३ पिचरांच्या अभ्यासात चेंडूचा वेग, फिरकी, वळण असे डझनावारी आकडे होते. दाराचा प्रश्न तिथे नव्हता. पिचरांना तो विचारायचं कुणाला सुचणार?

ऑपरेशनचा निर्णय घ्यायला बसलेल्या रुग्णाला मी आता काय सांगते ते लिहिते. कोणती नस दबली आहे ते आधी पक्कं करून घ्या. हात सुजून निळा पडला असेल किंवा बोटं थंड आणि पांढरी पडत असतील तर माझ्याकडे व्यायामाला थांबू नका, आजच्या आज रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा. मज्जातंतूचा प्रकार असेल तर किमान तीन-चार महिने नीट फिजिओथेरपी करा, आणि नुसती मान खेचून ताणणारी नको, खांद्याचा फरा आणि श्वास यांवर काम करणारी. तळव्यातला मांसल भाग खंगत चालला असेल, पकड सुटत असेल, तर मात्र इतके महिने थांबू नका. व्यायामाने भागलं नाही आणि निदानावर सर्जनची खात्री असेल तर ऑपरेशन करा, मी अडवणार नाही. सर्जनला विचारा की वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, आणि दोन वर्षांनी तुमचे रुग्ण कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कसं येतं ते ऐका. त्रास निम्मा झाला तर ते यश मानायची तयारी आहे का, हे घरी बसून स्वतःला विचारा. काहींना ते मान्य असतं. रात्री झोप लागली तरी पुष्कळ झालं, असं म्हणणारे मी पाहिले आहेत आणि त्यांच्यासाठी ते ऑपरेशन यशस्वीच होतं.

आणि ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाच्या फाइलवर मी पहिल्याच दिवशी तीन तारखा लिहून ठेवते: सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं. त्या त्या दिवशी फोन करते. काही जण विसरलेले असतात, काही जण ‘बरं आहे हो’ म्हणून फोन ठेवायच्या बेतात असतात. मग मी विचारते की आत्ता फोन कोणत्या हातात धरलाय, आणि मघाशी दार कोणत्या हाताने उघडलंत.